पिकअपचं इंजिन आणि माझी वही

मैत्रिणींनो, मिक्सर घ्यायचा असला की आपण काय करतो? पाचशे वॉटचा घ्यावा की साडेसातशेचा, यावर शेजारणीपासून माहेरच्या वहिनीपर्यंत सगळ्यांचा सल्ला घेतो. दुकानदाराला 'आधी डाळ वाटून दाखवा' म्हणायचंच काय ते बाकी ठेवतो. पाचशेचा स्वस्त पडतो, पण इडलीचं पीठ वाटताना चार मिनिटांत तापतो, जळका वास येतो आणि बुडाशी असलेलं लाल बटण टप्पकन बाहेर येतं. साडेसातशेचा महाग, पण त्याच पिठाला तो दमत नाही. हे आपल्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नसतं, वापरून कळलेलं असतं. मग तीन-चार हजारांच्या मिक्सरचा एवढा विचार करणाऱ्या आपण, दारात दहा लाखांच्या घरातली गाडी यायची म्हटली की 'त्यातलं आपल्याला काय कळतंय' असं म्हणत चहा ठेवायला आत का जातो, हे मला एक कोडंच आहे.

आमच्याकडे ही वेळ २०२३ साली आली. आमची देवळाली म्हणजे नाशिकजवळची, लष्कराच्या छावणीची देवळाली नव्हे. पत्ता सांगताना हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. ही देवळाली प्रवरा, राहुरी तालुक्यातली, नगर जिल्ह्यातली. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच बसलेलं आहे. ऊस, कांदा, मेथी-कोथिंबीर, थोडी डाळिंबं आणि दावणीला चार गाई, असा आमचा पसारा. शेती दोघे भाऊ मिळून करतात. मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, आणि बी.ए. झालेली सून म्हणून दोन्ही चुलींचा हिशेब पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

माल बाजारात न्यायला तोवर भाड्याची गाडी असे. भाड्यात जाणारा पैसा पाहून शेवटी स्वतःचीच पिकअप घ्यायचं ठरलं. ह्यांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज आधीच होतं, म्हणून गाडी माझ्या नावावर घ्यायची आणि कर्जाच्या कागदावर पहिली सही माझी, असंही ठरलं. सही माझी म्हटल्यावर मी चहा ठेवला आणि परत बाहेर येऊन बसले.

घरात तीन पक्ष पडले होते. मामंजींचं म्हणणं, लहान गाडी घ्या. दोन सिलिंडरची, स्वस्तातली, डिझेल कमी पिणारी. २००५ साली टाटांची 'एस', म्हणजे आपला छोटा हत्ती, बाजारात आला तेव्हापासून त्या जातीच्या गाड्या त्यांच्या मनात भरलेल्या. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, टाटांचीच इंट्रा व्ही-पन्नास हवी होती. दीड लिटरचं इंजिन, ऐंशी हॉर्सपॉवर, दिसायलाही झोकदार. गाडी चालवणार तेच, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. ह्यांचा ओढा महिंद्राच्या बोलेरो पिकअपकडे. अडीच लिटरचं थोराड इंजिन, आणि गावात कुठल्याही गल्लीत डोकावलं तर एखादी उभी दिसणारच. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिचा 'मॅक्स' नावाचा नवा अवतार निघाला होता, आणि त्यातही हलक्या वजनाला सत्तर आणि भारी वजनाला ऐंशी हॉर्सपॉवर अशा दोन जाती. रोज रात्री जेवणं उरकली की ओसरीवर घोड्यांचा बाजार भरायचा. शेवटी जाऊबाईच एकदा म्हणाल्या, "तिघंही घोडेच मोजताहेत. दाणा-वैरण कोण घालणार, ते विचारा की ताई!"

मामंजी या सगळ्या गाड्यांना 'टेंपो'च म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. टेंपो हे मूळचं जर्मनीतल्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. नगरच्या फिरोदिया घराण्यातल्या नवलमल फिरोदियांनी १९५८ साली त्या जर्मन कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेंपो सुरू केली. तीनचाकी टेंपो आला, मागून मॅटॅडोर आली, आणि मालाची कुठलीही लहान गाडी म्हणजे टेंपो हे आपल्या बोलीत कायमचं बसलं. कंपनीनं २००५ साली स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, लोकांनी काही शब्द बदलला नाही.

असो. मी विज्ञानाची नव्हे, त्यामुळे आधी हा घोडा म्हणजे काय हे समजून घ्यायला बसले. वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉट यांनी, आपलं इंजिन किती घोड्यांचं काम करील हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून हे माप वापरलं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे बघा, आपल्या ओट्यावरचा साडेसातशे वॉटचा मिक्सर हा जवळजवळ एक घोडा, आणि ऐंशी हॉर्सपॉवरची गाडी म्हणजे एकदम चालू केलेले ऐंशी मिक्सर! वर्गात मुलांना हे सांगितलं तर पुढचा आठवडाभर डब्यात चटणी आणणाऱ्या पोरीला सगळे 'घोडा' म्हणत होते.

पण घोडे मोजून काम भागत नाही. आपल्यापैकी ज्यांनी जात्यावर दळलेलं आहे, निदान आजीला दळताना पाहिलेलं आहे, त्यांना हे चटकन कळेल. जातं भरभर फिरवणं वेगळं, आणि घास घातल्यावर जड झालेलं जातं थांबू न देता ओढणं वेगळं. त्या ओढीलाच इंजिनाच्या भाषेत टॉर्क म्हणतात. आमच्याकडचे मिस्त्री साधं म्हणतात, 'गाडीला ओढ आहे.' कागदावर ती न्यूटन मीटरमध्ये लिहितात. दोनशे न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला वीस किलोचं पोतं टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. आता कंपन्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन सिलिंडरची इंट्रा व्ही-दहा : ओढ ११०. इंट्रा व्ही-पन्नास : २२०. बोलेरोचं सत्तरचं इंजिन : २००, आणि ऐंशीचं : २२०. म्हणजे लहान गाडीच्या पान्याला अकरा किलोचं पोतं, बाकीच्यांना वीस-बावीसचं. कांद्याच्या तीस गोण्या म्हणजे दीड टन माल, तो लहान गाडीवर घालणं म्हणजे आठ वर्षांच्या पोरीला पाटा-वरवंटा देण्यासारखं. मामंजींचा पक्ष इथं मागं पडला.

उरल्या दोन. ओढ सारखी, घोडेही ऐंशीच्या ऐंशी सारखे. मग एक दीड लिटरमधून तेवढं काम काढते आणि दुसरीला अडीच लिटर लागतात, यात शहाणी कोण? भाऊजी म्हणाले, "उघड आहे वहिनी. थोड्या जागेत जास्त काम करते ती."

या ठिकाणी मला मामंजींच्या विहिरीवरचं जुनं इंजिन आठवलं. राजकोटकडं बनलेलं, लिस्टर पद्धतीचं, दोन माणसांना न उचलणारं धूड. हँडल मारून सुरू करायचं. मिनिटाला जेमतेम साडेसहाशे फेरे. घुम्म… घुम्म… असा संथ आवाज रात्री गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा म्हणे. पुढं हलकी, मिनिटाला पंधराशे फेरे घेणारी इंजिनं आली, ती उचलायला सोपी आणि दिसायला नेटकी. पण ते धूड तीस वर्षं चाललं आणि वीज आली म्हणून थांबलं, बिघडलं म्हणून नव्हे. फेरे कमी म्हणजे घासणं कमी, तापणं कमी. शिवणयंत्र चालवणारीला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मी वहीत एक साधा भागाकार मांडला. लिटरमागे घोडे किती? दोन सिलिंडरची लहान गाडी आठशे सीसीत साधारण चव्वेचाळीस घोडे काढते, म्हणजे लिटरमागे पंचावन्न. व्ही-पन्नास १४९६ सीसीत ऐंशी, म्हणजे लिटरमागे त्रेपन्न. बोलेरो २५२३ सीसीत ऐंशी, म्हणजे बत्तीस. आणि सत्तरचं घेतलं तर अठ्ठावीसच. तेही इंट्रा आपला पूर्ण जोर मिनिटाला पावणेचार हजारांच्या आसपास फेऱ्यांवर काढते, तर बोलेरोला बत्तीसशे पुरतात. एक बाई दीड ओट्यावर ऐंशी माणसांचा स्वयंपाक करते, दुसरी अडीच ओट्यांवर. दोघींचाही होतो, पण रोज करायचा असेल तर मला दुसरीची जागा हवी.

हा भागाकार म्हणजे काही वेदवाक्य नव्हे, हेही सांगते. आजची लहान इंजिनं तेवढा ताण धरूनच आखलेली असतात. धातू सुधारले, तेलं सुधारली, आणि दीड लिटरच्या गाड्या लाखांनी किलोमीटर चालतात. शिवाय कमी डिझेल पिणं हा त्यांचा खरा गुण आहे. पण ती गाडी आखणाऱ्यानं जो माल धरलेला असतो तो कागदावरचा; आपल्याकडे कांदा निघाला की कागद कोण बघतो? 'अजून चार टाका, कडेला जागा आहे,' हे वाक्य मी बाजाराच्या दिवशी इतक्यांदा ऐकलंय! आधीच पूर्ण जोर लावून चालणाऱ्याकडे या चार गोण्यांसाठी शिल्लक काही नसते. जास्तीचा माल कायद्यानं गुन्हा आहेच. तो अडीच लिटरच्या गाडीलाही मारतो, फक्त जरा उशिरा.

आता मुख्य गोष्ट, ती वही. भाड्याच्या गाड्यांना दिलेला पैसा मी वर्षभर तारीखवार लिहून ठेवला होता. त्यावरून फेऱ्या मोजल्या. वर्षात दोनशे बारा. त्यांतल्या दीडशे राहुरी, राहुरी फॅक्टरी आणि श्रीरामपूर एवढ्याच टापूतल्या. सपाट रस्ता, अर्धी-पाऊण भरलेली गाडी, बहुतेक मेथी-कोथिंबीर. अडतीस राहात्याच्या डाळिंबाच्या बाजाराला, तोही रस्ता सपाटच. नगरला सोळा, म्हणजे विळदचा घाट चढून. आणि वाशीला आठ. म्हणजे चढ लागणाऱ्या फेऱ्या चोवीस, नवांत एक. ओसरीवर रोज रात्री जी भांडणं चालली होती ती सगळी या नवव्या फेरीवरून. उरलेल्या आठ फेऱ्यांना ऐंशी घोडे काय, पन्नास असते तरी चालले असते. त्या आठ फेऱ्यांना एकच लागतं : पहाटे साडेचारला चावी फिरवली की गाडी सुरू झाली पाहिजे. मेथीची जुडी कुणासाठी थांबत नाही. लिलाव हुकला की दुपारपर्यंत ती पिवळी पडते आणि मग ती गाईपुढं टाकायची. एका दिवसाची मेथी बुडाली तर जे जातं, त्यात आमच्या घरचा महिन्याचा किराणा बसतो.

ओळखीच्या एका घरी तसंच झालं होतं. कुठली गाडी ते सांगत नाही. नवीकोरी होती, पण समोरच्या काट्यांशेजारी पिवळा दिवा लागला आणि तिनं जोर धरणंच सोडलं. वीस किलोमीटरच्या वर वेग घेईना. गावातल्या मिस्त्रीनं हात जोडले, कारण आता बिघाड शोधायला कंपनीचा संगणक जोडावा लागतो. मोठ्या वर्कशॉपात नेली, तिथं एक अंगठ्याएवढा सेन्सर यायला चार दिवस लागले. यात सगळा दोष गाडीचा नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस. सहा हे धुराचे कडक नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या पोटात बराच नवा संसार मांडला गेला. हवा स्वच्छ राहते, ते हवंच आहे. आपली पोरंच त्या हवेत श्वास घेतात. पण जुन्या इंजिनासारखं ते पान्यानं उघडत नाही.

त्यातलीच एक गोष्ट बायकांनी जरूर लक्षात ठेवावी. बहुतेक नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी जाळी असते. आपल्या चहाच्या गाळणीसारखीच ती साचते. साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी ती बराच वेळ तापून, बऱ्या वेगानं चालावी लागते. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन बंद करणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते. आमच्या दीडशे फेऱ्या अशाच आखूड, त्यामुळे शोरूममध्ये माझा पहिला प्रश्न हाच होता : या गाडीला जाळी आहे का, आणि आखूड फेऱ्यांत तिचं काय करायचं? विक्रीचा मुलगा तोवर ह्यांच्याशी आणि भाऊजींशीच बोलत होता, मला दोनदा थंड विचारून झालं होतं. तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. मग मात्र खुर्ची माझ्याकडे वळवून बसला.

दुसरा प्रश्न मामंजींनी घरून सांगून पाठवला होता. ते म्हणतात, जे इंजिन गावातल्या माणसाला उघडता येतं ते आपलं. म्हणून आम्ही राहुरी फॅक्टरीवरच्या तीन मिस्त्रींना विचारलं. तिघांनीही अडीच लिटरची बाजू घेतली. तीच गाडी त्यांच्या हाताखालून सगळ्यात जास्त गेलेली, भाग जवळच मिळतात. त्यांच्या सांगण्यात त्यांचाही स्वार्थ असणार, हे धरूनच मी ते वहीत लिहिलं.

इतकं झाल्यावर मी सगळा हिशेब ओसरीवर वाचून दाखवला. अडीच लिटरची, आणि तीही सत्तरची घ्या. नवव्या फेरीसाठी दहा घोडे जास्त कशाला पोसायचे? ह्यांना पटलं. मामंजींनी मान डोलावली. भाऊजी गप्प होते. मग हळूच म्हणाले, "वहिनी, सगळं लिहिलंत. पण त्या आठ वाशीच्या फेऱ्यांत रात्री दोन वाजताची झोप कुठं लिहिलीय?"

वाशीचा आमचा रस्ता म्हणजे कोल्हार, लोणी, संगमनेर, पुढं चंदनापुरीचा घाट, आळेफाटा आणि मग माळशेज. चंदनापुरी भरल्या गाडीनं चढायचा, माळशेज भरल्या गाडीनं उतरायचा. पहाटेच्या लिलावाआधी पोचायचं असतं. दमलेली गाडी चंदनापुरीत पाऊण तास जास्त घेते, तो पाऊण तास पुढं चालवणाऱ्याच्या झोपेतून किंवा माळशेजच्या उतारावरच्या वेगातून भरून निघतो. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं.

मला २०२२ चा जुलै आठवला. आंबे बहाराची डाळिंबं घेऊन भाऊजी भाड्याच्या गाडीतून वाशीला निघाले होते. रात्री अकराला ओतूरच्या पुढून फोन आला की गाडी तापलीय, थांबलोय. त्यानंतर फोन लागेना. पाऊस कोसळत होता. जाऊबाईंचं धाकटं तेव्हा सात महिन्यांचं. ते झोपलं की आम्ही दोघी ओसरीवर, रडलं की आत. सासूबाई देवापुढं बसून होत्या, त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं पण कळलेलं होतं. पहाटे पाचला दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून आवाज आला, तोवर जाऊबाईंनी एकदाही तोंडातून शब्द काढला नव्हता. फोन ठेवल्यावर त्यांनी शांतपणे दूध तापत ठेवलं, आणि ते उतू जाईपर्यंत बघत उभ्या राहिल्या. भरवशाचं इंजिन हा माझ्या लेखी मेथीचा हिशेब होता तेवढाच त्या रात्रीचाही होता. पण 'भरवसा' म्हणताना मी फक्त बंद न पडणं धरलं होतं. चढावर न दमणं, चालवणाऱ्याला न दमवणं, हाही भरवसाच की!

आम्ही भरून चालवून पाहायचं ठरवलं. शोरूमवाले गाडी रिकामी फिरवायला देतात. रिकामी गाडी कुठलीही पळते, त्यात काही कळत नाही. फार मागं लागल्यावर एका ठिकाणी सत्तरची मिळाली, आणि ऐंशीची एका पाहुण्यांकडे होती. दोन्हींत मोजून तीस-तीस गोण्या भरल्या आणि एकाच दिवशी विळदचा घाट चढलो. मी पुढं बसले होते, मांडीवर वही. सत्तरची चढली, थांबली नाही, पण मधल्या वळणानंतर भाऊजींना आणखी एक गिअर खाली यावं लागलं आणि मागं वाहनांची रांग लागली. ऐंशीची त्याच वळणातून वरच्या गिअरमध्ये निघाली. फरक फार नव्हता. पण भाऊजींचा डावा हात गिअरवरून एकदाही हलला नाही, तो मी पाहिला. उतरताना त्यांनी मुद्दाम खालचा गिअर घालून दाखवला. ब्रेक दाबत न बसता इंजिनाकरवीच गाडी धरून ठेवायची, आणि त्यासाठी थोराड इंजिन बरं पडतं. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. चंदनापुरीला जे घोडे लागतात ते माळशेजला लागत नाहीत, तिथं ही धरून ठेवण्याची ताकद लागते, आणि कुठल्याच जाहिरातीत तिचा आकडा नसतो.

शेवटी अडीच लिटरची, ऐंशीची घेतली. लिटरमागे बत्तीस घोडे म्हणजे काही जिवावरचा ताण नव्हे, असा मी माझ्या मनाचा हिशेब घातला. सत्तरच्या आणि हिच्या किमतीतला फरक माझ्या जवळजवळ एका शाळेच्या वर्षाच्या मानधनाएवढा होता. तो मी भरला. ह्यांनी विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "झोपेसाठी." कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही. दसऱ्याला हार घालून गाडी घरी आली. सी.एन.जी.चाही विचार मधे कुणी काढला होता, पण टाक्यांचं वजन आणि पंपावरची रांग ऐकून तो तिथंच मिटला.

डिझेल ती जास्त पिते, हे लपवत नाही. पाहुण्यांच्या दीड लिटरच्या गाडीपेक्षा लिटरमागे दोन-अडीच किलोमीटर कमी चालते, आणि महिनाअखेर तो आकडा पाहून मला अजूनही चिमटा बसतो. पण वर्षाच्या डिझेलच्या फरकातून बुडालेल्या मेथीचे किती दिवस विकत मिळाले असते, हेही मी त्याच पानावर लिहिते. दोन वर्षांत मेथीचा एकही लिलाव गाडीपायी हुकला नाही. एकदा पंक्चर झालं, एकदा मागचा दिवा आमच्याच गोणीनं फोडला. दोन वर्षांनी फिटनेसला श्रीरामपूरला नेली, तेव्हा कागदावर मालक म्हणून माझं नाव वाचून तिथल्या साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गाडी कुठलीही घ्या, तिची उठबस मात्र घरातूनच सांभाळली जाते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या खाडाशेजारी गाडीच्या तेलाची तारीख लिहिलेली असते. कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरांवर मी जात नाही असं नाही, पण कांद्याच्या हंगामात धूळ इतकी असते की हवेची जाळी ठरल्या मुदतीच्या आधीच काढून झटकायला लावते. पाणी आणि इंजिन तेल दर सोमवारी पाहायचं, गाडी थंड असताना. घाट चढून आल्यावर लगेच चावी काढायची नाही, मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं. कारण जोर वाढवणारा जो टर्बो असतो तो धुराच्या झोतानं मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो, आणि तापल्या अवस्थेत त्याचं तेल तोडलं तर तो लवकर जातो. डाळीची फोडणी करपू नये म्हणून आपण गॅस आधी बारीक करतो, तसंच. आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, राहुरी फॅक्टरीच्या पुढं बाभळेश्वरपर्यंत एक मोकळी फेरी, गाळणीतली काजळी जाळायला.

ती रविवारची फेरी अलीकडे माझ्याकडे आहे. मोटारीचा साधा परवाना माझ्याजवळ होताच. माल वाहणाऱ्या गाडीला तो चालतो की वेगळा लागतो यावर बरेच वाद होते. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वजनाच्या गाडीला तोच पुरतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं. आमची गाडी भरलेली असली तरी त्याच्या निम्म्यावरही जात नाही. जाऊबाई शेजारी बसतात, मागं दोघींची पोरं दंगा करतात म्हणून त्यांना घरी ठेवावं लागतं. घाट मात्र भाऊजी मला अजून देत नाहीत. म्हणतात, आधी भरल्या गाडीनं रिव्हर्स घेऊन दाखवा. तो सराव सध्या खळ्यावर चालू आहे, पंधरा गोण्यांवर.